परड्यातल्या माशीचं नाव हवं असेल तर फोटो कसा काढावा

पेरूच्या पानावर बसलेली माशी फोटोत सुरेख उतरते. पंख चमकतात, डोळे लालबुंद दिसतात, मागचं हिरवं धूसर होतं. तो फोटो जाणकाराकडे पाठवला की उत्तर येतं, ‘निळ्या-हिरव्या माश्यांपैकी कोणीतरी, पुढचं सांगता येत नाही.’ जाणकार हातचं राखून बोलतोय असं नसतं. ज्या खुणांवरून पुढचं नाव निघतं त्या फोटोत आलेल्याच नसतात. छातीच्या कडेचं श्वासछिद्र काळं की पांढरं, पंखातली एक शीर वाकलेली की सरळ, पुढच्या मांडीचा रंग कोणता, एवढ्याशा गोष्टींवर माश्यांची नावं ठरतात. म्हणून निम्मी ओळख फोटो काढतानाच पटवायची असते.

आणखी एक गोष्ट आधीच मान्य करून टाकावी. माश्या आणि डास मिळून जगात दीड लाखाहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. फुलपाखराचं नाव चित्रावरून लागतं तसं माशीचं दर वेळी लागणार नाही. कुळ कळलं तरी ती काय खाते, तिच्या अळ्या कुठे वाढतात, तिला हाकलायचं की राहू द्यायचं एवढं समजतं, आणि परड्यापुरतं बहुधा तेवढं पुरतं. फळमाशीच्या बाबतीत मात्र जातीपर्यंत जावंच लागतं, कारण सापळ्यातली गोळी, म्हणजे नर माश्यांना ओढणारं आमिष, जातीवर ठरते.

आधी ती माशीच आहे का ते बघा

माशीला पंख दोनच. मागच्या जोडीच्या जागी टोकाला गाठ असलेल्या दोन बारीक दांड्या असतात, त्यांना संतुलक म्हणतात. उडताना त्या पंखांच्या उलट लयीत हलतात आणि अंग कुठे कलतंय, कुठे वळतंय याची खबर देतात. पावसाळ्यात भिंतीवर येऊन बसणारा, लांबलचक पायांचा ‘मोठा डास’ बहुतेक वेळा डास नसतोच. ती टिपुलिड माशी असते, ती चावत नाही, आणि तिचे संतुलक साध्या मोबाइलच्या फोटोतही दिसतात. घरमाशीत मात्र ते पंखाच्या मुळाशी असलेल्या पांढरट पापुद्र्याखाली झाकलेले असतात. तिथे ते शोधत बसू नये.

मधमाशी, गांधीलमाशी, कुंभारमाशी यांना चार पंख असतात, पण मागचे पंख पुढच्यांना बारीक आकड्यांनी अडकलेले असल्याने फोटोत दोनच वाटतात. अशा वेळी पंख मोजण्यापेक्षा मिशा बघाव्यात. गांधीलमाशीच्या मिशा लांब, अनेक पेरांच्या असतात, मधमाशीच्या कोपरात वाकलेल्या. माशीच्या मिशा बहुधा आखूड आणि जाडसर, वर एखादा केस निघालेला. मिशा लांब असूनही माशीच, असं डास आणि चिलटांसारख्या नाजूक मंडळींत होतं, पण त्यांचा बांधाच इतका बारीक असतो की गांधीलमाशीशी घोटाळा होत नाही. भेंडी-वांग्याच्या पानाखालची पांढरी माशी तर मावा-तुडतुड्यांच्या नात्यातली, रस शोषणारी आहे. तिचा फोटो माशी म्हणून पाठवू नये.

एका माशीचे चार फोटो, चार बाजूंनी

पहिला फोटो हातभर लांबूनच काढून ठेवा. माशी उडाली तरी ती कशावर बसली होती हे त्यात राहतं. मग जवळ जा.

वरून काढताना कॅमेऱ्याची काच माशीच्या पाठीला समांतर हवी. जवळच्या फोटोत जेमतेम मिलिमीटरभर खोलीच स्पष्ट येते. कॅमेरा जरा तिरका झाला की डोकं स्पष्ट आणि पोट धूसर. या फोटोत पाठीवरचे पट्टे, पोटावरच्या खुणा आणि पंख मिळतात.

बाजूचा फोटो सगळ्यांत कमी काढला जातो आणि सगळ्यांत जास्त कामाला येतो. पायांचे रंग, अंगावरचे राठ केस, श्वासछिद्राचा रंग, पाठीच्या मागच्या त्रिकोणी ढालीखाली दुसरा फुगवटा आहे का, हे सगळं इथूनच दिसतं. वेळ एकाच फोटोची असेल तर आम्ही बाजूचाच घ्यायला सांगू.

समोरून चेहरा. दोन डोळ्यांच्या मधे जागा आहे की डोळे माथ्यावर एकमेकांना टेकलेत? बऱ्याच कुळांत टेकलेले डोळे नराचे असतात. तोंडाची सोंड मऊ आणि खाली वळलेली आहे की पुढे आलेल्या दाभणासारखी, हेही इथेच कळतं.

चौथा फोटो पंखाच्या शिरांचा. माशीच्या पंखात शिरांची जाळी प्रत्येक कुळाची वेगळी असते आणि ती वयानं, ऊन-पावसानं बदलत नाही. पंख पारदर्शक असल्याने गडद पानावर शिरा हरवतात. माशी चुन्याच्या भिंतीवर, फिक्या फुलावर किंवा काचेवर बसली की शिरा उठून दिसतात. पानावरच असेल तर कॅमेरा किंचित कलवत राहा. एका कोनात पंख काचेसारखा झळकतो आणि त्याच क्षणी शिरा उमटतात.

लांबी न मोजता अंदाजानं सांगितली की हमखास चुकते, आणि बहुधा वाढवूनच सांगितली जाते. माशी उडाल्यावर त्याच पानाला पट्टी लावून, तेवढ्याच अंतरावरून आणखी एक फोटो घ्या. पानावरच्या एखाद्या डागावरून किंवा शिरेवरून माप जुळवता येतं. घरमाशी साधारण ६ ते ७ मिलिमीटर, केळ्यावरची चिलटं २ ते ३, खतखड्ड्यावरची ब्लॅक सोल्जर फ्लाय १५ ते २०. एवढ्या तीन खुणा डोक्यात असल्या तरी अंदाज सुधारतो.

साधनं, उजेड आणि वेळ

मोबाइलला चिमट्यानं अडकवायची मॅक्रो भिंग मिळते. पण तिचं फोकसचं अंतर दोन-तीन सेंटिमीटर असतं, म्हणून मोबाइल माशीला जवळजवळ टेकवावा लागतो आणि तिथेच माशी उडते. त्यापेक्षा भिंग न लावता दुप्पट झूम करून वितभर अंतरावरून भराभर दहा-पंधरा फोटो घ्यावेत. त्यातला एखादा नीट निघतो. कॅमेरा असेल तर ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, छिद्र एफ ८ ते एफ ११, शटर १/२०० आणि फ्लॅश. फ्लॅशपुढे नव्या वस्तूंच्या खोक्यात येणारी पांढरी फोमची चादर लावायची. नुसता फ्लॅश मारला तर चमकदार माशीच्या पाठीवर पांढरा ठिपका पडतो आणि नेमका पट्ट्यांचा भाग जळतो.

चकाकणाऱ्या माश्यांचा रंग कोनाबरोबर बदलतो. तीच माशी एका फोटोत निळी, दुसऱ्यात हिरवी, तिसऱ्यात तांबूस. म्हणून ‘हिरवी माशी’ एवढ्या वर्णनाला काही किंमत नाही.

माशीला झटक्याची हालचाल लगेच दिसते, संथ हालचाल तितकी नाही. सावली अंगावर पडू न देता, खालच्या बाजूनं, हळूहळू हात पुढे न्यावा. डिसेंबर-जानेवारीत बेळगावात सकाळी चांगलाच गारठा असतो; ऊन पानावर येण्याआधी माश्या थंडावून बसलेल्या असतात आणि चारही बाजू आरामात देतात. साडेनऊनंतर त्याच माश्या हात वर केला तरी पळतात. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात उघडीप मिळेपर्यंत थांबावं लागतं, पण पाऊस थांबल्याबरोबरची पंधरा-वीस मिनिटं फार चांगली. सगळी मंडळी पानांवर येऊन पंख वाळवत बसतात.

अगदीच दाद देत नसेल तर पारदर्शक डबीत धरून, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात पाच-सात मिनिटं ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात नको, मरते. बाहेर काढून पांढऱ्या कागदावर ठेवली की मिनिट-दोन मिनिटं मिळतात, तेवढ्यात चारही फोटो उरकायचे. मग ती उडून जाते.

ती कुठे बसली होती

जागेवरून निम्मी यादी गळते, म्हणून जागेची नोंद फोटोइतकीच महत्त्वाची.

गोठ्यातल्या भिंतीवर, जनावरांच्या पायांवर बसणारी राखाडी माशी घरमाशीसारखीच दिसते, पण तिची सोंड डोक्याच्या पुढे सरळ आलेली असेल तर ती स्टोमॉक्सिस, रक्त पिणारी. धार काढणाऱ्याच्या घोट्याला चावते ती हीच. पंखातली टोकाकडे जाणारी शीर घरमाशीत कोपरासारखी झटकन वळते, स्टोमॉक्सिसमध्ये ती सौम्य वाकते. फरक कळायला हवा, कारण तिच्या अळ्या शेण-मूत मिसळलेल्या कुजक्या कडब्यात वाढतात. घरातलं अन्न झाकून तिचा काही बंदोबस्त होत नाही, गोठ्याच्या कोपऱ्यातला ओला कडबा काढावा लागतो. घरमाशीच्या पाठीवर चार काळसर पट्टे असतात. दोनच रुंद पट्टे दिसले आणि माशी जनावराच्या जखमेवर किंवा लहान मुलाच्या डोळ्यांशी घुटमळत असली तर म्युस्का सॉर्बेन्सचा विचार करावा. ताज्या शेणावर मुंगीसारखी काळी, कमरेत बारीक, पंख सतत हलवत चालणारी आणि बऱ्याचदा पंखाच्या टोकाशी काळा ठिपका असलेली छोटी माशी म्हणजे सेप्सिड. निरुपद्रवी.

खानापूरकडे जूनमध्ये फणस पडून फुटले की त्यावर येणाऱ्या मोठ्या, निळ्या-हिरव्या, लाल डोळ्यांच्या माश्या बहुधा क्रायसोमिया. त्यांतली क्रायसोमिया मेगासेफाला डोक्यानं मोठी असते, गाल नारिंगी, छातीच्या पुढच्या बाजूचं श्वासछिद्र काळपट. तिची बहीण रुफिफेसिस तशीच दिसते, पण ते छिद्र पांढरट. बघा, बाजूचा फोटो नसेल तर इथे सगळं अडतं. ल्युसिलिया या त्यांच्याहून सडपातळ, चेहरा चंदेरी. ल्युसिलियातल्या सेरिकाटा आणि क्युप्रिना या दोघींत पुढच्या मांडीचा रंग बघतात: सेरिकाटाची निळसर काळी, क्युप्रिनाची हिरवी चकाकती. मांडी दिसली नाही तर ‘ल्युसिलिया’ लिहून थांबावं.

राखाडी, पाठीवर तीन काळे पट्टे, पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकडे: ही सार्कोफॅगिड. अंडी न घालता थेट अळ्याच टाकते. हिची जात नराच्या पोटाच्या टोकाचे भाग सूक्ष्मदर्शकाखाली उलगडल्याशिवाय ठरत नाही, तेव्हा कितीही चांगला फोटो असला तरी कुळावर थांबायचं. कोणी फोटोवरून तिचं पूर्ण नाव ठामपणे सांगितलं तर खुशाल शंका घ्यावी.

उकिरड्याभोवती आणि गांडूळखताच्या खड्ड्यावर लांबट, काळी, गांधीलमाशीचा भास देणारी माशी पाठीवर पंख मिटून बसते. पोटाच्या सुरुवातीला दोन पारदर्शक खिडक्या आणि पायांची टोकं पांढरी असली तर ती ब्लॅक सोल्जर फ्लाय. तिच्या चपट्या, करड्या अळ्या बघून लोक घाबरतात आणि खड्ड्यात औषध ओततात. त्याच अळ्या ओला कचरा भराभर संपवत असतात.

फुलांवर मुख्यतः सिरफिड. हवेत एका जागी तरंगत राहते, पोटावर पिवळे-काळे पट्टे, म्हणून मधमाशी समजून सोडून दिली जाते किंवा गांधीलमाशी समजून मारली जाते. पंखाच्या मधोमध कुठल्याच शिरेला न जोडलेली एक खोटी शीर ही या कुळाची खूण. नारिंगी पोटावर प्रत्येक पेरावर एक जाड आणि एक बारीक काळी रेघ असेल तर एपिसिरफस बॅल्टिॲटस. काळ्या पोटावर पिवळ्या पट्ट्यांच्या जोड्या असतील तर इस्किओडॉन स्क्युटेलॅरिसकडे बघावं. या दोघींच्या अळ्या मावा खातात. मोहरी, कोबी किंवा शाळूवर मावा दिसला की त्याच्यात हिरवट-पांढरी, पाय नसलेली, सपाट अळी आहे का ते आधी बघावं आणि मग फवाऱ्याचा विचार करावा. डोळ्यांवर ठिपके असलेली सिरफिड म्हणजे एरिस्टॅलिनस. तिच्या अळ्या सांडपाण्याच्या चरीत, लांब शेपटीसारखी श्वासनळी वर काढून राहतात. तुळशीच्या मंजिरीवर पुढे नाक काढल्यासारख्या चेहऱ्याची, रेघाळलेल्या डोळ्यांची लहान माशी आली तर स्टोमोऱ्हायना असण्याची शक्यता मोठी.

पानांवर तुरुतुरु पळणारी, सोनेरी-हिरवी, उंच पायांची बारीक माशी डोलिकोपोडिड कुळातली. छोटे किडे खाते. अळू-हळदीच्या सावलीत, काटकुळ्या लांब पायांवर उभी राहून पुढचे पाय मिशांसारखे हलवणारी ती मायक्रोपेझिड. याच कुळातली मिमेग्राला हळद-आल्याची कंदमाशी म्हणून शेतकऱ्यांना माहीत आहे, पण तिच्या कुळातल्या सगळ्याच माश्या कंदाला लागत नाहीत. अंगभर राठ, उभे केस आणि बाजूनं बघितल्यावर ढालीखाली दुसरा फुगवटा असेल तर टॅकिनिड. सुरवंटांवर वाढते. रेशीमकिड्यांना लागणारी उझी माशी याच कुळातली, म्हणून तुतीवाल्यांना ती नको असते आणि भाजीवाल्यांना हवी. काटकीच्या टोकावर बसून उडणारे किडे झडपणारी, चेहऱ्यावर दाढीसारखे केस असलेली, दोन डोळ्यांमधे माथ्यावर खोलगा असलेली ती रॉबर फ्लाय.

मोरीच्या फरशीवरची बदामाच्या आकाराची, केसाळ पंखांची माशी म्हणजे सायकोडिड. तिच्यासाठी भिंतीवर फवारा मारून उपयोग नाही, जाळीखालचा बुळबुळीत थर घासावा लागतो.

काही माश्या फोटोत मिळणारच नाहीत, त्यांचं नुकसान मिळेल. टोमॅटोच्या पानावरची नागमोडी पांढरी रेघ नागअळीची. ज्वारीच्या कोवळ्या रोपाचा मधला पोंगा वाळून सहज उपटून येत असेल तर खोडमाशी. भाताच्या फुटव्याची कांद्याच्या पातीसारखी पोकळ नळी झाली असेल तर गादमाशी. तिथे त्या रोपाचाच स्पष्ट फोटो पाठवावा.

फळमाशी: इथे नाव अर्धवट चालत नाही

पेरू, आंबा, दोडका, काकडी, कारलं यांतून अळ्या निघाल्या की सगळे ‘फळमाशी’ म्हणतात आणि दुकानातून हाताला येईल तो सापळा आणतात. सापळा रिकामा राहिला की ‘गोळी बोगस’ असा निकाल लागतो. बऱ्याचदा गोळी चांगली असते, माशी वेगळी असते. मिथिल युजेनॉलच्या गोळीला बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, झोनाटा, करेक्टा यांचे नर येतात; ही आंबा-पेरूची मंडळी. वेलवर्गीय भाज्यांवरची झ्युगोडॅकस कुकुर्बिटे त्या गोळीकडे ढुंकूनही बघत नाही, तिला क्यू ल्यूर हे दुसरं आमिष लागतं. दोन्ही सापळ्यांत फक्त नर सापडतात, हेही लक्षात असू द्या. मादी फळावरच असते.

फोटोत आधी पाठ बघा. काळसर पाठ, दोन्ही कडांना पिवळे पट्टे, मधे पट्टा नाही, पंखाच्या पुढच्या कडेला अरुंद गडद किनार टोकापर्यंत अखंड, पोटावर काळा टी आकार: हा डॉर्सालिसचा गट. दक्षिण भारतात तिच्यासारखीच दिसणारी कॅरिई आहे, म्हणून मांड्यांवरच्या काळ्या डागांचा स्पष्ट फोटो नसेल तर ‘डॉर्सालिस गट’ एवढंच लिहावं. गोळी दोघींना एकच, त्यामुळे कामाचं काही अडत नाही. अंग तांबूस-तपकिरी आणि पंखाची किनार तुटक, टोकाशी वेगळा ठिपका, तर झोनाटा. किनार तशीच तुटक पण पाठ काळी आणि चेहऱ्यावर आडवी काळी रेघ, तर करेक्टा.

पाठीवर मधोमध तिसरा पिवळा पट्टा दिसला की वेलावरच्या गटात या. कुकुर्बिटेच्या पंखात टोकाचा मोठा डाग आहेच, शिवाय मागच्या आडव्या शिरेवरही गडद पट्टी असते. ती पट्टी नसेल तर झ्युगोडॅकस टाऊ. दोघींचे नर क्यू ल्यूरला येतात. तिसरी आहे डॅकस सिलिएटस: नारिंगी-तपकिरी, पाठीवर पिवळे पट्टेच नाहीत. ही दोन्ही गोळ्यांना येत नाही. क्यू ल्यूर टांगूनही काकड्या किडतच असतील आणि सापळा रिकामा असेल तर हिचा संशय घ्यावा, आणि सापळ्याच्या भरवशावर न राहता किडकी फळं रोजच्या रोज वेचून खोल पुरावीत.

सापळ्यातल्या मेलेल्या माश्या फोटोला सोप्या, पण त्या फसवतात. मेल्यावर पिवळे पट्टे तपकिरी पडतात आणि अंग तेलकट होतं. आठवडाभर सापळ्यात पडलेल्या माशीचा फोटो पाठवू नका; सकाळी सापळा रिकामा करून संध्याकाळपर्यंत पडलेली ताजी घ्या. याहून चांगला मार्ग म्हणजे किडलेलं फळ बरणीत ठेवणं. तळाला तीन-चार सेंटिमीटर ओलसर वाळू, वर फळ, तोंडाला सुती कापड. अळ्या वाळूत उतरून कोष करतात आणि आठ-बारा दिवसांत माश्या बाहेर येतात, थंडीत जास्त दिवस लागतात. बाहेर आलेल्या माशीचा लगेच फोटो काढू नये. सुरुवातीला रंग फिके असतात. साखरपाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा ठेवून तीन-चार दिवस जगू द्या, मग पट्टे नीट उठतात. याचा आणखी एक फायदा असा की कुठल्या फळातून कुठली माशी निघाली हे पक्कं होतं. नुसत्या पानावर बसलेल्या माशीवरून ते कधीच ठरत नाही.

रयत संपर्क केंद्रात (कर्नाटक कृषी खात्याच्या शेतकरी मदत केंद्रात) विचारायला जाताना शास्त्रीय नाव चिठ्ठीवर लिहून न्यावं. तिथली पत्रकं कानडीत, औषधाच्या पुड्यांवर इंग्रजी, आणि आपण मराठीत ‘ती पिवळी माशी’ म्हणणार. शास्त्रीय नाव तिन्हीकडे एकच.

फसवणारे फोटो

ओलसर, गार दिवसांत पानाच्या टोकाला किंवा खिडकीच्या काचेला पंख वर उचलून चिकटलेली, पोट फुगलेली आणि पोटावर पांढरे आडवे पट्टे असलेली माशी दिसते. ही नवी जात वाटते. खरं तर ती एन्टोमॉफ्थोरा नावाच्या बुरशीनं मेलेली साधी माशी असते. पांढरे पट्टे बुरशीचे आहेत. भोवती काचेवर पिठासारखं वर्तुळही दिसतं.

कोषातून नुकतीच निघालेली माशी फिकट राखाडी, पंख चुरगळलेले आणि कपाळावर फुगा आल्यासारखी दिसते. कोषाचं टोपण फोडायला ती कपाळातली पिशवी फुगवते, नंतर ती आत जाते. या अवस्थेतल्या माशीला नाव लावू नये. मानेवर किंवा पोटाखाली लाल मणी दिसले तर ते बहुधा कोळी जातीतले बारीक परजीवी असतात, माशीची खूण नव्हे. तोंडाशी पाण्याचा थेंब धरून बसलेली माशी पोटातलंच द्रव बाहेर काढून वाळवत असते. पानाच्या शिरेची सावली पंखावर पडून ठिपका किंवा पट्टा भासतो. दोन वेगळ्या कोनांतल्या फोटोंत तो जागचा हलला तर ती सावली. गोमाशीच्या डोळ्यांवरचे रंगीत पट्टे मेल्यावर मावळतात, तेव्हा तिचा फोटो जिवंतपणीच घ्यायला हवा. ज्यांना मेलेलीच माशी मिळते त्यांच्यापेक्षा इथे फोटोवाल्यांचं पारडं जड.

ॲपला विचारताना

आयनॅचरलिस्टसारख्या, फोटोवरून जीवांची नावं सुचवणाऱ्या ॲपवर एका माशीचे सगळे फोटो एकाच नोंदीत टाकावेत, चार नोंदी करू नयेत. संगणकानं सुचवलेलं पहिलं नाव उचलण्याची घाई नको. युरोप-अमेरिकेतल्या बागांचे फोटो त्याच्याकडे भरपूर आहेत, आपल्याकडचे कमी. त्यामुळे तिकडची जात सहज वर येते. सुचवलेल्या पहिल्या पाच-सहा नावांचं कुळ एकच आहे का ते बघा. एकच असेल तर तेवढं कुळ धरा, वेगवेगळी असतील तर संगणकालाही कळलेलं नाही. मग सुचवलेली जात भारतात, निदान दक्षिण भारतात नोंदलेली आहे का ते नकाशावर तपासा. फोटो कापून मोठा केला तरी मूळ फाइल जपून ठेवा; तारीख-वेळ तिच्यातच असते आणि व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फोटोतून ती निघून जाते, शिवाय बारीक केसही पुसले जातात. जाणकाराला फोटो पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

सोबतची टीप अशी असावी: ‘१४ ऑगस्ट, सकाळी ९.१०, खानापूर तालुका, पडक्या पेरूवर तीन-चार होत्या, लांबी अंदाजे ७ मिलिमीटर (पट्टीनं), पंख पसरून चालत होती, जवळ गोठा नाही.’ ‘ही कोणती?’ एवढ्यावर कोणी वेळ घालवत नाही.

पिकाचं नुकसान मोठं असेल आणि फोटोवर अडत असेल तर नमुना लागतो. धारवाडचं कृषी विद्यापीठ किंवा बेंगळुरूची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्था यांच्याकडे आधी विचारून, ते सांगतील तसा पाठवावा. फळमाश्या आणि नाजूक माश्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये चालतात, हात धुण्याची जेल नव्हे. राठ केसांच्या टॅकिनिड किंवा सार्कोफॅगिडचे केस अल्कोहोलमध्ये चिकटतात, त्या कोरड्या, बटर पेपरच्या घडीत आणि काड्यापेटीत ठेवाव्यात. डबीत डांबरगोळीचा तुकडा टाकावा, नाहीतर आठवड्यात मुंग्या साफ करतात. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही पकडू नये. बाटलीतली चिठ्ठी पेन्सिलनं लिहून आत टाकावी. बाहेर चिकटवलेली सुटते आणि बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरून नमुन्याला लागते.